तिने तीन वेळा सांगितलं होतं

(सावित्रीबाई फुले जयंतीच्या निमित्ताने अमरावतीत झालेल्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मैत्रिणींनो,

आज ३ जानेवारी. दरवर्षी या दिवशी आपण सावित्रीबाईंची आठवण काढतो. १८४८ ची भिडेवाड्यातली शाळा, अंगावर फेकलेलं शेण, १८९७ च्या प्लेगमध्ये आलेलं मरण, हे सगळं आपण बोलतो. एका कामाचा मात्र ओझरता उल्लेख करून पुढे जातो. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी तिथे यावं, कुणी नाव-गाव न विचारता त्यांचं बाळंतपण व्हावं, बाळ जगावं आणि आईही जगावी, एवढी साधी सोय होती ती. फुले दांपत्याने दत्तक घेतलेला यशवंत तिथेच जन्मलेला. पुढे तो डॉक्टर झाला.

आणि आपल्या वऱ्हाडातल्या, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे! त्यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली. तिच्यामागेही सुरतेच्या एका तरुण विधवेवर आपल्या बाळाला मारल्याचा खटला होता. म्हणजे बाळ आणि बाळंतीण हा आपल्या चळवळीचा अगदी पहिल्या दिवसापासूनचा विषय आहे. तरी आपण हुंड्यावर बोलतो, मारहाणीवर बोलतो, बलात्काराच्या कायद्यावर बोलतो, आणि बाळंतिणीचा विषय निघाला की म्हणतो, ते घरातलं आहे, मोठ्या बाया बघून घेतील.

आज मी त्या ‘मोठ्या बायां’विषयी बोलणार आहे. कारण मी आता त्यांच्यातली झाले. मी सासू आहे. तुमच्यातल्या पुष्कळजणी मला गेली पंचवीस-तीस वर्षं ओळखतात. मोर्च्यात, पोलीस ठाण्यात, कौटुंबिक न्यायालयाच्या पायऱ्यांवर मी तुमच्याबरोबर उभी राहिले आहे. सुनेच्या बाजूने बोलण्यात माझा हात कुणी धरणार नाही, असं मला वाटत होतं. आज सांगते आहे ती माझ्याच घरातली गोष्ट आहे, आणि तिच्यात मी सुनेच्या बाजूला नव्हते.

२०२४ च्या दसऱ्याला माझ्या सुनेला मुलगी झाली. मुलगा आणि सून अकोल्याला असतात, दोन खोल्यांचं भाड्याचं घर. रीतीप्रमाणे पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. तिचं माहेर मूर्तिजापूरकडचं, कोरडवाहू शेतीचं. पण दसरा-दिवाळी म्हणजे आपल्याकडे कापूस फुटायचे दिवस. विहीणबाईंनी फोनवर सांगितलं, “बाई, कापूस फुटून राहिला, वेचाले माणूस भेटून नाही राहिलं. मी लेकीपाशी बसली तं वर्षाचं शेतातच राहीन. मले माफ करा.” माफी कसली? वऱ्हाडातल्या किती लेकी अशा कापसाच्या दिवसात बाळंत होतात आणि त्यांच्या आया ओटीत बोंडं भरत असतात, याचा हिशेब कुणी ठेवत नाही. मी म्हटलं, तुम्ही काळजी करू नका, मी जाते. पिशवी भरली, बडनेऱ्याहून गाडी धरली आणि अकोल्याला उतरले.

सुरुवातीचे दिवस मी मनापासून केलं. डिंकाचे लाडू, अळीव, बाजरीची भाकरी, मेथी. बाळाला पहिल्या दिवसापासून अंगावरच पाजायचं, गुटी नाही, पाणी नाही, हे सुनेने ठरवलं होतं आणि मी ते मानलं. आशाताई यायची. जन्मानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी तिने घरी येऊन बाळ तपासायचं असतं, हे २०११ पासून ठरलेलं आहे. ती प्रत्येक वेळी आली. बाळाचं वजन केलं, कपडा वर करून छाती पाहिली, श्वास मोजले. सून तिच्या शेजारी बसून शिकत होती. मी आत चहा टाकत होते.

मग दिवाळी आली. बाळ तीन आठवड्यांचं. सुनेने स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, असं मी बजावलं होतं आणि त्याचा मला अभिमानही होता. पण पाहुणे थांबवले नाहीत. भाऊबीजेला नणंद आली, तिची मुलं आली, मुलाच्या कामावरचे लोक आले. बाळ या हातातून त्या हातात. कुणी शिंकत होतं, कुणी खोकत होतं, आणि प्रत्येकजण मुका घेत होतं. रात्री बाळाने आठ वेळा उठवलं तरी दिवसा सुनेने नीट साडी नेसून, हसून बसायचं. बाळंतीण झोपली आहे, असं पाहुण्यांना सांगायला मला जड जायचं. लोक काय म्हणतील, अमरावतीची सासू आली आणि सून दिवसा लोळते!

सव्वा महिना झाला. सव्वा महिन्याची विश्रांती ही आपली चांगली चाल आहे, मी तिला नावं ठेवणार नाही. पण तिचा दुसरा अर्थही आपण जाणतो. सव्वा महिना झाला की बाई कामाला मोकळी. बाळ मात्र तेवढंच लहान असतं आणि रात्री तेवढ्याच असतात. नेमकी तेव्हाच थंडी पडते. मुलगा म्हणायचा, सकाळी ड्युटी आहे, म्हणून तो बाहेरच्या खोलीत झोपायचा. मी त्याला कधी उठवलं नाही. माझ्या नवऱ्याला माझ्या सासूने कधी उठवलं नव्हतं, तसंच.

आता संक्रांतीकडे येते.

पहिली संक्रांत म्हणजे बोरन्हाण. काळं झबलं, हलव्याचे दागिने, बोरं, चुरमुरे, ऊस, गोळ्या डोक्यावरून ओतायच्या, आजूबाजूच्या पोरांनी त्या लुटायच्या. हौस मला होती. आणि मी ते ‘आपल्या पद्धतीने’ करणार होते. बरोबर हळदीकुंकू ठेवलं आणि त्याला विधवा मैत्रिणींना, नवऱ्याने सोडलेल्या मैत्रिणींना आवर्जून बोलावलं. या रिवाजातून कुणी वगळलं जाऊ नये, यासाठी आपण वर्षानुवर्षं बोललो आहोत. तारीख ठरली रविवार, १९ जानेवारी. रथसप्तमीपर्यंत कधीही करता येतं, म्हणून सुट्टीचा दिवस धरला.

आदल्या दिवशी, शनिवारी, बाळाला चौदा आठवडे पूर्ण झाले होते. म्हणजे त्या आठवड्यात लसीचा डोस द्यायचा होता. मी म्हटलं, “टोचलं तर ताप येईल, उद्या कार्यक्रमात किरकिर करेल. सोमवारनंतर नेऊ.” सून काही बोलली नाही.

रविवारी सकाळी ती म्हणाली, “आई, ही नीट पीत नाहीये. दोन घोट घेते आणि सोडते.” मी म्हटलं, “सर्दी आहे, नाक चोंदलंय.” ही पहिली वेळ.

दुपारी मी सामान मांडत होते. ती बाळाला घेऊन आली. “आई, मी श्वास मोजले. मोबाईलवर मिनिट लावून. चौसष्ट भरले.” मी हातातली वाण द्यायची वाटी बाजूलासुद्धा ठेवली नाही. म्हटलं, “रडून दमली असेल. निजव.” शेजारच्या आजीबाई म्हणाल्या, “काही नाही वं, थंडी लागली लेकराले. वव्याची पुरचुंडी करून शेका.” आम्ही शेकलं. छातीला तेल लावलं. खोलीचं दार लावून शेगडी ठेवली. मी मध-हळदीचं बोट चाटवलं. ही दुसरी वेळ.

चार वाजता बाया यायला लागल्या. चाळीसेक जणी आल्या असतील. बाळाला काळं झबलं घातलं, दागिने घातले. बोरं ओतली तेव्हा ती रडली नाही. बाया म्हणाल्या, किती शहाणी आहे! ती शहाणी नव्हती, तिच्यात रडायचं बळ नव्हतं. सून माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “आई, दवाखान्यात जाऊ.” मी म्हटलं, “एवढ्या बाया बसल्यात. आटोपू दे, मग बघू.” तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, “आईला विचार.” ही तिसरी वेळ.

रात्री साडेनऊला शेवटची बाई गेली. सुनेने झबलं वर केलं. प्रत्येक श्वासाला बरगड्यांखालची छाती आत ओढली जात होती. ओठांचा रंग बदलला होता. तिने मला विचारलं नाही. बाळाला पदरात घेतलं आणि चपला न घालता जिना उतरली. खाली गेल्यावर तिच्या लक्षात आलं की ऑटोला द्यायला तिच्यापाशी एक रुपया नाही. ती एका खाजगी संस्थेत शिकवते. बाळंतपणाची सुट्टी मिळाली होती, पगार मिळाला नव्हता. चार महिने घरातला सगळा पैसा मुलाच्या हातून येत होता. पैसे घेऊन आम्ही मागून धावलो.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, “केव्हापासून?” मी म्हटलं, “संध्याकाळपासून.” माझी सून म्हणाली, “सकाळपासून.” तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. 

न्युमोनिया होता. ऑक्सिजन लावला, इंजेक्शनं सुरू झाली. पाच रात्री. तिसऱ्या रात्री बाळाने नीट तोंड लावून दूध ओढलं, तेव्हा सून पहिल्यांदा रडली. आज नात सव्वा वर्षाची आहे, घरभर धावते. म्हणून मी ही गोष्ट इथे उभी राहून सांगू शकते. ती गेली असती, तर मी म्हटलं असतं की देवाची मर्जी, थंडीच फार होती. आणि तुम्ही सगळ्यांनी माझं सांत्वन केलं असतं.

मैत्रिणींनो, माझ्या घरात दारू नव्हती, मारहाण नव्हती, हुंडा नव्हता. मुलगी झाली म्हणून कुणी नाक मुरडलं नव्हतं. उलट थाटात कार्यक्रम होता. त्या हळदीकुंकवात मी एकाही बाईला वगळलं नव्हतं. वगळली होती ती फक्त बाळाची आई. बाळाविषयी सगळ्यांत जास्त तिला ठाऊक होतं. तिने बाळ पाजलं होतं, श्वास मोजले होते, आकडा सांगितला होता. पण त्या घरात आकड्याला मान नव्हता, वयाला होता. आपण म्हणतो, जे व्यक्तिगत ते राजकीय. सासूपण हे पितृसत्तेने बायकांना दिलेलं पद आहे. आयुष्यभर कुणी आपलं ऐकलं नाही, याची भरपाई म्हणून एक दिवस आपल्याला सून मिळते. मी चळवळीतली, म्हणून ते पद मला मिळालं नाही असं नव्हतं. मिळालं होतं, आणि मी ते वापरलं.

आता कामाचं बोलू. भाषण झालं, टाळ्या झाल्या, घरी गेलो, असं नको.

पहिलं, श्वास मोजायचं. हे डॉक्टरचंच काम आहे, असं नाही. बाळ शांत असताना, रडत किंवा पीत नसताना, पोटावरचा कपडा वर करायचा आणि पूर्ण एक मिनिट पोटाचं वर-खाली होणं मोजायचं. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर साठ किंवा त्याहून जास्त, दोन महिने ते एक वर्ष असेल तर पन्नास किंवा जास्त, एक ते पाच वर्षांचं असेल तर चाळीस किंवा जास्त. एवढे श्वास भरले की सर्दी म्हणून बसायचं नाही, त्याच दिवशी दाखवायचं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे साठ भरले तर आणखी एकदा मोजा, आणि पुन्हा तेवढेच आले तर थेट दवाखाना. बरगड्यांखाली छाती आत ओढली जात असेल, बाळ पीत नसेल, निपचित पडलं असेल, कण्हत असेल, अंग गार पडलं असेल, ओठ निळसर झाले असतील, तर मोजत बसायचीही गरज नाही. निघायचं. 

आपल्या जुन्या बाया ‘लेकराले डबा झाला’ म्हणायच्या. म्हणजे हा रोग त्यांना दिसत होता, पोट उडतं हे त्यांना कळत होतं. त्यांच्याकडे औषध नव्हतं, नजर होती. गडचिरोलीत डॉक्टर अभय आणि राणी बंग यांनी याच नजरेवर काम उभं केलं. ज्यांना मोठे आकडे मोजता येत नाहीत, अशांसाठी त्यांनी मण्यांचं आणि वाळूच्या घड्याळाचं एक साधं साधन केलं. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, तर न्युमोनिया. गावातल्या माणसांनी न्युमोनिया ओळखून औषध दिलं तर बालमृत्यू कमी होतात, हे त्यांनी १९९० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातून जगापुढे मांडलं. पुढे १९९९ मध्ये घरातल्या नवजात बाळाच्या काळजीचा प्रयोग मांडला. आज आशाताई दारी येते, त्याच्यामागे हे काम आहे. निरक्षर बाईने मोजलेला श्वास शास्त्राने मानला. माझ्या शिकलेल्या सुनेने मोजलेला श्वास मी मानला नाही.

दुसरं, घरगुती उपाय. थंडीत बाळ आईच्या छातीशी, कातडीला कातडी लावून ठेवायचं, डोकं झाकायचं, अंगावरचं दूध चालू ठेवायचं. याच्याइतकी ऊब कुठल्याही शेगडीत नाही. बंद खोलीतल्या कोळशाच्या शेगडीचा धूर बाळाच्या फुप्फुसाला वाईट, आणि त्यातून निघणारा विषारी वायू तर आईलाही मारू शकतो. एक वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही. हे मला माहीत नव्हतं, असं नाही. घाईत आणि भीतीत माणूस शिकलेलं विसरतं, आजीने केलेलं आठवतं.

म्हणूनच मेळघाटाविषयी बोलताना मी आता सांभाळून बोलते. २०२५ च्या फेब्रुवारीत, म्हणजे आमची नात दवाखान्यातून घरी येऊन फार दिवस झाले नव्हते तेव्हा, चिखलदरा तालुक्यातल्या २२ दिवसांच्या बाळाच्या पोटावर तापलेल्या विळ्याने ६५ चटके दिल्याची बातमी आली. तिकडे त्याला ‘डंबा’ म्हणतात. अमरावतीत सगळे हळहळले, संतापले, अडाणीपणा म्हणाले. संताप योग्यच आहे, डंबा बंद झालाच पाहिजे. पण मला माझी शेगडी आठवली. त्या घरातही बाळाला धाप लागली असेल, पोट उडत असेल, आणि कुणीतरी मोठ्या माणसाने ठरवलं असेल. तिथल्या आईला कुणी विचारलं असेल का? आणि विचारलं असतं, तरी दवाखान्याला जायला वाहन होतं का? मला पंधरा मिनिटांत ऑटो मिळाला. धारणी-चिखलदऱ्याच्या पाड्यांवरून निघालेल्या बाईला घाट उतरावा लागतो. मेळघाटातल्या बालमृत्यूंचा प्रश्न १९९० च्या दशकापासून उच्च न्यायालयापुढे जात आला आहे. मग अडाणी नेमकं कोण, हे आपण नीट ठरवलं पाहिजे.

तिसरं, हक्क. हे लिहून घ्या, वस्तीत सांगा. सरकारी दवाखान्यात बाळंतपण मोफत आहे, आणि एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाचे उपचार, तपासण्या, औषधं आणि ने-आणही मोफत आहे. हे जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात आहे. गाडीसाठी १०२ किंवा १०८. लसी मोफत आहेत. न्युमोनियापासून वाचवणारी न्युमोकोकल लस २०२१ पासून देशभर सरकारी लसीकरणात आली आहे. सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने, असे तिचे डोस. लस दिली म्हणजे न्युमोनिया होतच नाही असं नव्हे, आणि माझ्या नातीला तो दोन दिवस उशीर झाला म्हणून झाला असंही मी म्हणणार नाही. पण लसीची तारीख पाहुण्यांच्या सोयीने हलवायची नसते, एवढं मी शिकले.

रजेचं पाहा. मातृत्व लाभाचा कायदा १९६१ चा. २०१७ मध्ये पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा २६ आठवडे झाली, आणि सामाजिक सुरक्षेच्या नव्या संहितेतही ती तशीच ठेवली आहे. पगारी रजा आहे ती. पण माझ्या सुनेसारख्या ‘मानधना’वरच्या बाईला सुट्टी मिळते, पगार मिळत नाही, आणि भांडलं तर पुढच्या जूनमध्ये नेमणूक मिळत नाही. ती तरी पांढरपेशी. कापूस वेचणारीचं काय? २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात प्रत्येक गरोदर आणि स्तनदा मातेला किमान ६,००० रुपये, असं लिहिलं आहे. २०१७ ची मातृवंदना योजना पहिल्या मुलासाठी ५,००० रुपये देते, दुसऱ्यासाठी मुलगी झाली तरच पैसे. कायद्यात ‘प्रत्येक’ म्हटलं आहे आणि योजनेत अटी आहेत. पोटाला बाळ बांधून, धुरे-बांध ओलांडत वेचणीला जाणाऱ्या बाईच्या बाळाला पहाटेचं दंव लागतं. झोळी झाडाला, आई तासातल्या टोकाला. बाळाला धाप लागली हे तिला कळणार कधी? 

आणि बापांच्या रजेचं काय? केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला १५ दिवस मिळतात. खाजगी नोकरीतल्या बापाला देणारा कायदा देशात नाही. आपण ती मागणी केली पाहिजे. पण नुसती रजा मागून भागणार नाही. माझ्या मुलाला रजा असती, तर तो पाहुण्यांना आणायला स्टेशनवर गेला असता. त्याला श्वास मोजायला मी शिकवलं नव्हतं. ‘आईला विचार’ म्हणायला मात्र शिकवलं होतं. दवाखान्यातल्या पाच रात्रींत तो शिकला. बाळाला खांद्यावर धरून ढेकर काढायला, लंगोट बदलायला, आणि बायकोला ‘तू झोप, मी जागतो’ म्हणायला. पाच रात्री लागल्या फक्त. हे आपण त्यांना अठ्ठावीस वर्षांत का शिकवत नाही?

शेवटचं, सण. काही मैत्रिणी म्हणतील, सोडून द्या ही बोरन्हाणं आणि हळदीकुंकवं. मी तसं म्हणणार नाही. आपल्या बायांना एकत्र बसायला, हसायला, घराबाहेर पडायला निमित्तं आधीच थोडी आहेत. पण सण बाळासाठी असेल, तर बाळ बरं नसताना तो मोडता आला पाहिजे. सण न मोडण्याचा मान घराण्याला आणि सणाचं ओझं बाळंतिणीला, ही वाटणी बदलली पाहिजे. खोकणाऱ्या माणसाला, मग तो मामंजी असो की मेव्हणा, ‘आज बाळाला घेऊ नका, हात धुऊन या’ असं सांगणं हा उद्धटपणा नव्हे. आणि बाळंतीण झोपली आहे, हे वाक्य आपण सासवांनी मोठ्याने, दारात उभं राहून म्हणायला शिकलं पाहिजे.

यंदा आमच्या गटाने ठरवलं आहे. संक्रांत अकरा दिवसांवर आली. वाण म्हणून आम्ही प्लास्टिकच्या वाट्या देणार नाही. एक कागद देणार आहोत. त्यावर वरच्या ओळीत साठ, पन्नास, चाळीस हे तीन आकडे, खाली धोक्याची चिन्हं चित्रांनी, आणि त्याखाली १०२ आणि १०८. कागदाबरोबर एक लहान कापडी बटवा. त्यात घरातल्या माणसांनी पाचशे रुपये ठेवायचे आणि तो बाळाच्या आईच्या उशाशी राहील. तो उघडायला कुणाची परवानगी लागणार नाही. हे वाण आम्ही सुनांना देणार नाही. सासवांना देणार आहोत. त्यांनी ते आपल्या हाताने सुनेच्या हातात ठेवायचं आहे.

ही कल्पना माझ्या सुनेची आहे. मी तिची माफी मागितली तेव्हा ती म्हणाली, “आई, माफी राहू द्या. पुढच्या वेळी मी एकदा सांगेन. तीनदा सांगायला लावू नका.”

गेल्या महिन्यात थंडी पडली तेव्हा तिचा अकोल्याहून फोन आला. नातीला सर्दी होती. मी विचारलं, “किती भरले?” ती म्हणाली, “बत्तीस. पिते आहे, खेळते आहे. काळजी करू नका.” मी म्हटलं, “बरं.” मग मी दुसरं काही सुचवलं नाही. ओवा नाही, तेल नाही. फोन ठेवला. एवढं गप्प बसायला मला पंचवीस वर्षांच्या चळवळीनंतरही फार कष्ट पडले, मैत्रिणींनो. पण बसले.